लेकुरवाळीची हळद

४ मे, रवि.
पक्षीफेरी. कात्रपहून चिखलोलीपर्यंत. आनंदनगरच्या कारखान्यातले दोघं रात्रपाळी संपवून थेट आले, जांभया देत, पण आले. बाळारामशेठच्या घरामागच्या मोकळ्या शेतात टिटवीचं घरटं. घरटं कसलं, उघड्या जमिनीवर थोडे खडे सारलेले, त्यात चार अंडी. मानसीने दाखवलं. शेठची मुलगी, फेरी कधी चुकवत नाही. येत्या शनिवारी तिची हळद, रविवारी लग्न, आणि हळदीचा मंडप नेमका त्याच जागी पडणार. "सर, काहीतरी करा ना," म्हणाली. काय करणार, कपाळ.

५ मे, सोम.
शेठकडे गेलो. चहा झाला, सरबत झालं, तरी विषय निघेना. शेवटी काढला. त्यांचं म्हणणं, टिटवीचं ओरडणं अपशकुनी, लग्नघरात नकोच. अंडी उचलून पलीकडे ठेवू. मी माझं नेहमीचं भाषण दिलं: हलवू नका, हात लावू नका, पक्षीण सोडून जाते वगैरे. शेठनी अगदी मनापासून मान डोलावली आणि माझ्यासमोरच मंडपवाल्याला फोन लावून खांबांच्या जागा सांगितल्या. इतकी वर्षं शिकवतोय, कुठे कमी पडतो कळत नाही.

६ मे, मंगळ.
मानसीची युक्ती. घरात आजीचा शब्द चालतो, तेव्हा आजीलाच दुर्बीण द्या. भर दुपारी आजींना, हिराबाईंना, ओट्यावर बसवलं. गळक्या टाकीखाली टिटवी आली, डबक्यात पोट भिजवलं, तुरुतुरु परत जाऊन अंड्यांवर बसली. उन्हाने अंडी तापू नयेत म्हणून करते, एवढंच मी म्हटलं. पुढे आजी दुर्बीण सोडेचनात. मग शेठना हाक मारली. "बाला, ही लेकुरवाली हाय. लगीनघरान लेकुरवालीला कोन उठवतं?"
संपलं. मंडप घराच्या पुढच्या बाजूला. अपशकुन-बिपशकुन कुठल्या कुठे. घरी येऊन हिला सगळं सांगितलं, तर म्हणे, बरं झालं तुम्ही जास्त बोलला नाहीत.

९ मे, शुक्र.
मंडप उभा. डीजेची तोंडं रस्त्याकडे. मानसीच्या चुलतभावांनी घरट्याभोवती लांबून दोरी बांधली. येणारा प्रत्येक पाहुणा आधी दोरीपाशी, मग चहाला. उल्हासनगरहून साड्या घेऊन आलेले सिंधी काकासुद्धा दबक्या आवाजात विचारून गेले, बच्चे कब निकलेंगे. फार बरं वाटलं. उगाच लपवायचं कशाला, छाती फुगली.

११ मे, रवि.
लग्नाला म्हणून लवकर गेलो. आधी दोरीपाशी. चारही अंड्यांवर हळदीची बोटं. शेजारी अक्षता, झेंडूचं एक फूल. टिटवी लांब बांधावर उभी राहून ओरडतेय.
हिराबाईंनीच लावली. विचारलं तर अगदी सरळ म्हणाल्या, "पयली हलद देवाला, मंग लेकुरवालीला. ती बाय उठून गेली, मंग तिच्या पोरांना लावली."
राग आला. आणि त्यांचं म्हणणं कळतही होतं. घरच्या सगळ्या बायकांना हळद लावली, मग या लेकुरवाळीलाच कसं वगळायचं, इतकं साधं. पण ऊन चढत होतं. बोलून गेलो की आता ती येणार नाही. आजींचं तोंड एवढंसं झालं. नातीच्या लग्नाच्या दिवशी. खरं तर हात लागल्याने पक्षी सहसा सोडून जात नाहीत, वर्दळीने जातात. हाताचं मी धाक म्हणून सांगतो. हे त्यांना सांगायला परत वळलो तोवर वऱ्हाड आलं, त्या आत गेल्या.
अक्षता टाकल्या. जेवण गेलं नाही.

१२ मे, सोम.
सकाळी मानसीचा फोन, सासरहून. पहिलंच वाक्य, "सर, बसली का?" बघून सांगतो म्हटलं.
दुपारी गेलो. मंडप सुटत होता. शेठ म्हणाले, काल संध्याकाळी थोडी बसली, पुन्हा उठली. आई पहाटेपासून शेतात आहे, ऐकत नाही. पाहिलं तर आंब्याखाली, दोरीपासून चांगलं लांब, हिराबाई खुर्ची टाकून बसलेल्या. हातात काठी. कुत्री, पोरं, भांडी न्यायला आलेला आचारी, सगळ्यांना त्यांनी त्या वाटेवरून परत लावलं होतं. हाताचं काही नसतं, वर्दळीचं असतं, हे सांगायचं होतं ते सांगितलं. त्यांनी काठीने बांधाकडे दाखवलं.
टिटवी बांधावरून खाली उतरली होती. जरा चालायची, थांबायची, मान फिरवायची. नीट दिसेना म्हणून दुर्बीण घेऊन दोरीकडे निघालो, तर काठी आडवी आली.
"मास्तर, तुमी बी लांबच बसा. ती येतेय."
त्यांच्या खुर्चीशेजारी मातीतच बसलो. मानसीला अजून फोन केलेला नाही.