सीटखालचा डबा

ईस्ट कोस्ट, सिंगापूर
१५ जून २०२५

प्रिय सुमित्राआत्या,
सप्रेम जयभीम.

आम्ही तिघंही मजेत आहोत. सुलेखाचं ऑफिस रॅफल्स प्लेसला गेलं, त्यामुळे सकाळचा चहा आता मी करतो आणि बोलणीही मीच खातो. एकताचे समोरचे दोन दात पडलेत. तुझे गुडघे कसे आहेत? रोज फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून.

काल एका जर्मन माणसाच्या सॉसेजच्या दुकानात गेलो होतो. खिमा मसाला लावून आतड्यात भरतात, ते सॉसेज. मसाला काय, तर जायफळ, मिरी आणि मरवा! आपण वेणीत माळतो तोच मरवा, आत्या. वाळवलेली, धुरी दिलेली सॉसेजं जोडीजोडीनं दांडीवर टांगली होती आणि लोक हौसेनं फोटो काढत होते. मला तुझ्या चान्या आठवल्या. मांसाच्या पट्ट्यांना मीठ-हळद लावून गच्चीत दोरीवर वाळत घालायचीस. कावळ्यांसाठी हातात काठी, शेजाऱ्यांच्या नजरेसाठी वरून जुनं लुगडं.

एकताला म्हटलं, "आजी असंच मांस वाळवायची."

ती म्हणाली, "पप्पा, धिस वन कॅन, आजीचं व्हाय कॅनॉट? एअरपोर्ट अंकल सो मीन लाह!"

तुला सांगितलेली गोष्टच तिला सांगितली होती. नऊ वर्षांपूर्वी मी इथं आलो तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं तुझा चान्यांचा डबा काढून घेतला आणि फेकून दिला. तेव्हापासून "जिथं माझं अन्न फेकलं तिथं पाय ठेवणार नाही" म्हणून तू अडून बसलीस. आईच्या मागं मला वाढवलंस तू, आणि माझं घरच तू पाहिलेलं नाहीस.

आत्या, डबा विमानतळात गेलाच नव्हता. इथं मांस आणू देत नाहीत हे खरं, पण ते मला नंतर कळलं. त्या नियमाच्या आड मी लपलो. त्या दिवशी आपल्या गल्लीतल्या उत्तमच्या जीपनं मुंबईला निघालो. माझ्याच कंपनीत निघालेला प्रबोध ठाण्याला चढला आणि नाक मुरडून म्हणाला, "कसला रे वास?" मी डबा पायानं सीटखाली सरकवला आणि तिथंच ठेवून उतरलो.

एवढंच असतं तरी बरं होतं. मी प्रबोधला म्हणालो, "ड्रायव्हरचा डबा असेल." उत्तमनं आरशातून एकदा माझ्याकडं पाहिलं.

तुझ्या हातच्या अन्नाची मला लाज वाटली होती. आता त्या लाजेचीच लाज वाटते. काल घरी येऊन दोघींना सगळं सांगितलं, आज तुला लिहितोय. छातीवरचा धोंडा उतरला बघ. आता हवं तेवढं रागाव. फक्त त्या अधिकाऱ्याला शिव्या देऊ नकोस, तो बिचारा अस्तित्वातच नव्हता.

तुझा, अजून म्हणवून घेशील तर,
धम्मानंद


परभणी
२८ जून

चि. धम्मा,
मंगल हो.

गुडघे आहेत तसेच. पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

डबा दुसऱ्याच दिवशी घरी आला होता. झाकणावर माझं नाव कोरलंय, ते इंजिनिअरसाहेब विसरले होय? उत्तम म्हणाला, "घाईत राहिला पोराचा." त्याला बसवलं आणि दोघांनी भाकरीशी चान्या खाल्ल्या. तू डबा त्याच्यावर ढकललास, हे मात्र त्यानं नऊ वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नाही. मला तुझ्या पत्रातनं कळलं. आधी त्याला फोन लाव, मग मला.

आणि शिव्या मी कुण्या अधिकाऱ्याला देत होते, असं वाटलं तुला? तुलाच देत होते. मी विचारलं असतं तर मान खाली घालून "हो" म्हणाला असतास. ते मला नको होतं. तुझं तू बोलायला हवं होतंस. बोललास. मलाही हलकं वाटलं.

तिकीट काढ. दीक्षाभूमीवर जाऊन आले की येते. मांस आणू देत नाहीत ना, मग डबा रिकामा आणते. त्या जर्मन माणसाकडनं भरून घेऊ. एकताला सांग, आजी कॅन.

जिचं नाव डब्यावर आहे ती,
तुझी सुमित्राआत्या