स्वॅपमधली युन-आन

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची शिन्चूला! नवी नोकरी, तिसरा मजला, खिडकीजवळची जागा. खोली मिळेपर्यंत माझी लेक युन-आन गावी, चियायीला, आमाकडे, म्हणजे माझ्या आईकडे राहणार. सहा वर्षांची आहे, पण अटी वकिलासारख्या. रोज साडेपाचला फोन करायचं कबूल करून घेतलंय.

ऑफिसातल्या जुन्या शेनकाकांनी मी सांभाळायचं ते मशीन दाखवलं. मेमरी अपुरी पडली की बरेच दिवस न विचारलेलं सगळं कर्नेल, म्हणजे मशीनचा आतला कारभारी, डिस्कच्या एका राखीव कप्प्यात नेऊन टाकतो. तो स्वॅप. कोणी विचारलं की परत आणतो. मशीन कोसळलंच, तर मरता मरता मेमरीत असेल ते त्याच कप्प्यात ओततो. तो डंप. म्हणून मशीन पुन्हा उठवताना आधी डंप काढायचा, मग स्वॅप सुरू करायचा. उलटं केलं की सगळं पुसलं जातं. काकांनी हे तीनदा सांगितलं. मी काय दूधखुळी आहे?

४ मार्च

सकाळी मशीन दोनदा कोसळलं. इथे मशीन नीट चालावं म्हणून त्याच्यावर नैवेद्यासारखी खाऊची पिशवी ठेवतात; तिची तारीख उलटली होती म्हणे. काकांनी मला हिरव्या पिशवीतला मक्याचा खाऊ आणायला पिटाळलं. हिरवाच हवा, पिवळा चालत नाही. त्यावर मशीनचं नाव आणि ‘शहाण्यासारखं वाग’ असं लिहून ठेवायचं. मी हाताच्या सवयीने लिहून गेले : युन-आन, शहाण्यासारखी वाग.

काका पोट धरून हसले. ‘‘अगं बाई, मशीनचं नाव लिहायचं होतं, लेकीचं नाही! आता राहू दे. ठेवलेलं काढलं की ते रुसतं.’’

१२ मार्च

आठ दिवस मशीन एकदाही पडलं नाही. साहेब खूश. कामाचा मात्र ढीग, तीन दिवस फोन झाला नाही.

आज स्वॅपचा कप्पा तपासत होते. सगळा कचरा, आणि मध्येच स्वच्छ अक्षरं : आई, माझा दात पडला, उशीखाली ठेवलाय.

हे इथे कोणी टाइप केलं? आमाला फोन लावला. ती म्हणाली, शनिवारी पोरीने तुलाच सांगितलं की, तू किती हसलीस. मला काहीच आठवेना.

१४ मार्च

टेबलावर एका दात पडलेल्या मुलीचा फोटो आहे. कोणाचा, म्हणून काकांना विचारलं. ते म्हणाले, अगं, तुझ्याच लेकीचा!

मग मी स्वॅपचा कप्पा उघडून वाचत बसले. तिचा ताप. तिची निळी छत्री. वाचलं की परत येतं. माझीच पोर! मला फार भीती वाटते आहे. थोडा वेळ दुसरं काम केलं की पुन्हा —

१७ मार्च

आमा उद्या तिला घेऊन येते म्हणाली.

दुपारी सगळं वाचून काढलं, सगळी मनात भरून घेतली, आणि तिच्या नावाची ती खाऊची पिशवी मशीनवरून उचलली. मशीन तत्क्षणी कोसळलं. काका ओरडत होते, आधी डंप, आधी डंप. घाबरून, डंप काढण्याआधीच माझ्या हातांनी स्वॅप सुरू केला. माझ्याच हातांनी.

काका खुर्चीत बसून रडले. का, ते —

१८, सकाळ

मागच्या पानांवर युन-आन, युन-आन. मशीनचं नाव. त्याच्यासाठी मी एवढी घाबरत का होते?

१८, दुपार

खाली एक बाई आणि एक लहान मुलगी आली आहे. मला भेटायचं म्हणतात. ओळखत नाही, असं कळवलं.

मुलगी जिना चढून आली. दाराला थापा मारते आहे. ‘आई, आई’ म्हणते. कोणाची — काका म्हणतात, उघड गं, उघड —

उघडलं. मुलगी म्हणाली, पाया पडते, आई, मी शहाण्यासारखी वागेन. मी तिला विचारलं, बाळ, तुझं नाव काय?