काकीच्या अंगदुखीबद्दल

आये, चिंचवडला आपण नदीच्या अंगाला राहत होतो तेव्हा तू हातभट्टी लावायचीस, हे मी माझ्या मुलांना कधी सांगितलं नाही. दारूबंदी होती, बाप वारला होता आणि तुला दुसरं काम मिळत नव्हतं. गिऱ्हाइकं मागच्या दाराने येत. त्यांत शेजारच्या काकीचा नवराही होता. तो आपल्याकडे पिऊन घरी जायचा आणि काकीला मारायचा. आपण दोघी भाकरी खात भिंतीपलीकडचं ऐकत बसायचो. मी एकदा विचारलं, तर तू म्हणालीस, “आपल्याकडं न्हाई मिळाली तर दुसरीकडं पिईल. मारायचा तो मारायचाच.”

मग एका दुपारी काकी स्वयंपाकघराच्या दारात आली. डावा हात पदरात गुंडाळलेला. “आक्का, अंग लई दुखतंय. घोटभर दे.” तू ओतून दिलीस. तिने नाक दाबून ती घशाखाली घातली आणि चुलीपाशीच आडवी झाली. तू अंगावर गोधडी टाकलीस. बरं केलं असं तुला वाटलं, मलाही वाटलं. त्यानंतर मार बसला की काकी यायची. पुढे पुढे मार बसला नाही तरी यायची. “सांजच्याला मारणारच हाय. आदीच घेतली म्हंजी कळत न्हाई,” म्हणायची.

एका सकाळी काकीने आपल्या लहान लेकीच्या पाठीत फुंकणी घातली. पोरीचं ओरडणं ऐकून तू धावलीस, फुंकणी हिसकावून घेतलीस. काकीच्या तोंडाला वास येत होता. घरी आलीस आणि सगळी मडकी फोडलीस. शेवटी म्हणालीस, “हे मी केलं.”

पिंपरीत तेव्हा एका नव्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. मुकादमाच्या हातापाया पडून तू स्वतःसाठी आणि काकीसाठी घमेली उचलायचं काम मिळवलंस. काकी आठ दिवस प्यायली नाही. हात थरथरायचे, पीठ सांडायचं, पण प्यायली नाही. कामाच्या पहिल्याच सकाळी मुकादमाला वास आला आणि त्याने तिला परत पाठवलं. सगळ्या बायकांदेखत तू तिला म्हणालीस, “तुला मारतो तेच बरं हाय.” काकी खाली मान घालून निघून गेली. तू पुन्हा तिच्याशी बोलली नाहीस. वर्षभरात ती लेकीला घेऊन माहेरी गेली. तिचं पुढे काय झालं ते आपल्याला कळलं नाही.

आये, कामाच्या त्या पहिल्या सकाळी तू पाण्याला गेली होतीस. काकी वाकून चालत आपल्या दारात आली. “कामाला जायचं नाही” असं बजावत नवऱ्याने कमरेत लाथा घातल्या होत्या. “उभं ऱ्हावंना गं पोरी,” एवढंच म्हणाली. गोवऱ्यांमागे एक बाटली राहिली होती, ती फक्त मला माहीत होती. काकीने मागितली नव्हती. नको नको म्हणत होती. मीच तिच्या तोंडाला लावली.

हा कागद वाचायला तू नाहीस, आणि दुसऱ्या कुणाला मी तो देणार नाही. काकीने तुझ्यापुढे माझं नाव घेतलं नाही. मीही गप्प राहिले. तिला बोललीस तसं मला बोलशील, याची मला भीती वाटत होती.