भिवापूरच्या चंपतरावांस, माशाच्या सिनेमाबाबत

धंतोली, नागपूर
सोमवार, १३ एप्रिल १९८७

श्रीयुत चंपतराव भोयर यांस शरच्चंद्र वझलवार याचा हात जोडून नमस्कार. आपली व सौ. सुभद्रावहिनींची प्रकृती ठीक असेल असं धरून चालतो. आपला डावा गुडघा कसा आहे? यंदाची मिरची वाळून झाली असेल. भाव बरा मिळाला असावा. आपल्या घरी सर्वांना यथायोग्य.

इथवर 'आपला-आपली' लिहिलं ते दोन वर्षांच्या अबोल्याचा मान राखायचा म्हणून. बावीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून ज्याच्या डब्यातला ठेचा खाल्ला, त्याला पानभर अहो-जाहो करणं मला झेपणार नाही. तेव्हा इथून पुढे तू. (या दोन वर्षांत मी तुला तीन पत्रं लिहिली. टाकलं एकही नाही. पहिल्यात तुझी चूक होती, दुसऱ्यात दोघांची, आणि तिसऱ्यात कोणाची हे ठरेना म्हणून ते अर्धंच राहिलं.)

माझी प्रकृती उत्तम आहे. (ही ओळ मी आमच्या लेकीलाही, उत्तराला, दर पंधरवड्याला इंदूरला लिहितो. लेकीला बापाच्या पत्रात तेवढीच ओळ पाहायची असते, मग ती पत्र फ्रिजवर ठेवते, असं जावई सांगत होते.) सुहासिनी गेली त्याला येत्या श्रावणात चार वर्षं होतील. तुला सांगायला नको, तू खांदा दिला होतास. घरात दोन खोल्या आणि मी. आता शेजारी नवा दवाखाना झाला आहे आणि त्याचं दार नि माझा व्हरांडा लोकांना एकच वाटतो. भंडाऱ्याचे, वणीचे, कुठकुठले लोक थैल्या घेऊन येतात आणि माझ्या बाकावर बसतात. सुरुवातीला मी दवाखाना पलीकडे आहे म्हणून सांगत असे. आताशा डॉक्टर केव्हा येतील असं कोणी विचारलं तर "येतीलच, बसा" म्हणतो आणि पाणी आणून देतो. तासभर बरं जातं. मागल्या आठवड्यात एका मूळव्याधीच्या गृहस्थाला मी दीड तास बसवून ठेवलं आणि त्याचा नंबर गेला. कंपाउंडर येऊन चार शब्द ऐकवून गेला. बोलला ते बरोबरच होतं, पण गृहस्थ फार रसाळ बोलत होते रे.

तर याच बाकावर गेल्या मंगळवारी हिंगण्याच्या कारखान्यातला एक तरुण येऊन बसला. बायको आत बाळंत होत होती आणि हा नखं खात होता. त्याला गुंतवायचं म्हणून मी सिनेमाचा विषय काढला. तेव्हा कळलं की तो माशाचा इंग्रजी सिनेमा, तोच तो, शार्क माणसं खातो तो, सदरच्या थिएटरात रविवारच्या मॉर्निंग शोला पुन्हा लागला आहे. मी म्हटलं, त्या सिनेमाने अख्ख्या नागपूरची पाचावर धारण बसवली होती. तर म्हणतो, "कोन भेते काका आता त्या माशाले? आमच्या कॉलनीत व्हिडिओवर पाहून पोट्टे हासून राहिले होते." तेवढ्यात आतून मुलगी झाल्याचा निरोप आला, त्याने दुसऱ्या दिवशी मला पेढा दिला आणि पुन्हा काही तो दिसला नाही. मी मात्र तो प्रश्न घेऊन बसलो. सिनेमा अजून भीतीदायक आहे की नाही, याची प्रत्यक्ष पाहणी झाली पाहिजे असं मला वाटलं. (तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला रविवारी सकाळी काही काम नाही असं म्हणवत नाही. पाहणी म्हणवतं.)

आता दहा वर्षांमागची हकीकत. तुला ती पाठ आहे, पण मी ती जशी सांगत आलो तशी एकदा कागदावर येऊ दे. आपण ऑफिसातले सहा जण हा सिनेमा पाहायला गेलो. चंपतराव भोयर माझ्या डाव्या हाताला. बुडालेल्या होडीला भोक पडलेलं असतं आणि त्यातून एकाएकी मेलेल्या माणसाचं मुंडकं बाहेर येतं, त्या जागी चंपतराव असे किंचाळले, असे किंचाळले, की बाल्कनीतल्या एका बाईच्या हातचं मूल रडायला लागलं. इंटरव्हलला दिवे लागले, कोण ओरडलं म्हणून सगळे विचारू लागले, तर चंपतराव मान खाली घालून शेंगदाणे सोलताहेत. इति हकीकत. सोमवारी ती सगळ्या ऑफिसला कळली. मंगळवारी तुझ्या टेबलावर कागदाचा मासा होता. पुढे आठ वर्षं चपराशी पाण्याचा ग्लास तुझ्यापुढे ठेवताना "भेऊ नका साहेब" म्हणत असे आणि सगळे हसत. समुद्र आपल्यापासून कोणत्याही बाजूने रेल्वेचा एक दिवस लांब. नागपूरच्या माणसाने माशाला भ्यावं यातच लोकांना गंमत वाटे. दर वर्षी मी त्यात थोडी भर घालत गेलो. शेवटी शेवटी तर तू खुर्चीवर उभा राहिला होतास.

काल गेलो. एवढ्या मोठ्या थिएटरात मोजून अकरा डोकी. कूलरचं पाणी संपलेलं. फिल्म इतकी झिजली आहे की भर उन्हाच्या समुद्रावर सारख्या पांढऱ्या रेघा पडत होत्या. मी मुद्दाम मधल्या रांगेत बसलो, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून. (खोटं लिहिलं. कुठेही बसलो असतो तरी आजूबाजूला कोणी नव्हतं.) पुढे चार कॉलेजची मुलं होती. मासा दिसला की "अबे, ट्यूब है ट्यूब" म्हणून ओरडत. आणि खरंच चंपत, मासा रबरी आहे. तोंड उघडलं की आतली घडी दिसते. त्या काळी हा मासा पाहून मी आठ दिवस न्हाणीतल्या टाक्यात हात घातला नव्हता. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढत होतो, आणि सुहासिनीने विचारलं तेव्हा आरोग्याची कारणं सांगितली होती. काल त्याच माशाला मी मोठ्याने हसलो. हसून झाल्यावर सवयीने डावीकडे पाहिलं आणि हसू तिथेच संपलं.

मग ते मुंडक्याचं ठिकाण जवळ आलं. मला ते मिनिटासकट माहीत होतं. चष्मा काढून खिशात ठेवला, पाय खुर्चीच्या दांडीला अडकवले, मनात म्हटलं, मेणाचं मुंडकं आहे, शरच्चंद्र, तू सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाला आहेस. आणि ते बाहेर आलं आणि मी किंचाळलो. तीच किंकाळी रे. वरच्या पट्टीत चढून मग फाटते ती. दहाच्या दहा डोकी वळली. दाराशी धोंडबा म्हणून एक बॅटरीवाला असतो, तो धावत आला. "कोन वरडलं?" म्हणाला. आणि चंपत, देवाशपथ सांगतो, माझा हात आपणहून उठला आणि मी डावीकडच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. त्याने खुर्चीवर बॅटरी मारली. फाटकी गादी दिसली. "काका," तो म्हणाला, "तिथं तं कोनीच नाही."

पोरं इतकी हसली की पुढचं काही ऐकू आलं नाही. धोंडबा मात्र हसला नाही. बॅटरी विझवली आणि म्हणाला, "मी बसू काय बाजूले?" आणि बसला. पाच मिनिटांनी कोणी हाक मारली म्हणून गेला. मी शेवटपर्यंत थांबलो नाही. मासा मेला असेलच.

तेव्हा दहा वर्षांनी लिहितो: त्या दिवशी मी ओरडलो होतो. तू नाही. तुला हे माहीत होतं, कारण माझी चार नखं तुझ्या मनगटात रुतली होती आणि घरी तू मांजरीने ओरबाडलं म्हणून सांगितलंस. दिवे लागले तेव्हा सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि मी पटकन "चंपतराव!" म्हणालो. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घालून शेंगदाणे सोलायला लागलास. दुसऱ्या दिवशी खरं सांगू असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी लोक इतके हसले, आणि मी सांगितल्यावर हसले, की मला ते सोडवेना. मला आयुष्यात दुसऱ्या कशावर कोणी तसं हसलं नाही. गावच्या नदीच्या पुरात उडी टाकून म्हैस काढलेला माणूस तू, आणि माझ्यापायी तुझं नाव भित्रा म्हणून झालं.

आणि तुझ्या निरोपसमारंभात तर मी हद्द केली. वहिनी समोर बसलेल्या, तुझ्या लेकीचं, शामलाचं, लग्न होऊन महिना झालेला, व्याही ताराचंदजी मुद्दाम आलेले. साहेबांनी भाषणात ती गोष्ट काढली आणि मी उठून तिचं नाटक करून दाखवलं. किंचाळून दाखवलं. (लोक म्हणाले हुबेहूब. असणारच.) ताराचंदजी हसत हसत म्हणाले, "हे तं लग्नाच्या आंधी सांगाले पाहिजे होतं." वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. तू जवळ येऊन हळूच म्हणालास, "शरदबाबू, पुरे कर गा आता." शाल आणि नारळ घेऊन गेलास, चहाही घेतला नाहीस. मी त्या दिवशीही ऑफिसात सांगितलं की चंपतरावांना थट्टा सोसत नाही. मला लाज वाटते. याहून बरा शब्द सापडत नाही.

पाहणीचा निकाल लिहून संपवतो. माशाची भीती राहिलेली नाही. मुंडक्याची आहे, पण ती क्षणभराची. बोट दाखवलं आणि बॅटरीच्या उजेडात रिकामी खुर्ची निघाली, त्याची भीती मात्र घरी आलो तरी गेली नाही. रात्री जेवलो नाही.

वहिनींना नमस्कार. शामलाला आशीर्वाद. राग ठेवायचा असेल तर ठेव, त्यावर तुझा हक्क आहे.

तुझा,
शरद

ता. क. १ : हे पत्र वहिनींना मोठ्याने वाचून दाखवावं. ताराचंदजींना याच मजकुराचं वेगळं पत्र आजच टाकलं आहे. जुन्या ऑफिसात परवा स्वतः जाऊन सांगतो, उद्या आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे. चपराशी हसेल, हसू दे.

ता. क. २ : वरची सगळी पाहणी-बिहणी एवढ्यासाठीच लिहिली की येत्या रविवारी तू सकाळच्या उमरेडवरून येणाऱ्या एस.टी.ने ये आणि आपण तो सिनेमा पुन्हा पाहू. मी मुंडक्यापाशी ओरडेन आणि दिवे लागले की उभा राहून माझंच नाव सांगेन. अकरा माणसं म्हणजे काही ऑफिस नव्हे, पण सुरुवात होईल.

ता. क. ३ : पाकीट चिकटवण्याआधी खात्री करावी म्हणून थिएटरपर्यंत चालत जाऊन आलो. सिनेमा उतरला. रविवारी कराटेचा लागतो आहे, तो कोणी पाहू नये असा आहे. तेव्हा तुला बोलवायला माझ्यापाशी आता काहीच कारण उरलं नाही. तरी ये.