वाळवंटातला गळ

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१४ ऑगस्ट २००७

तीर्थरूप बाबांना,
विनीताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरंय’च्या पुढे जात नाही, म्हणून मुद्दाम पत्र लिहितेय. उत्तरातही नुसतं ‘बरंय’ आलं तर मी रुसेन.

आई गेल्यावर तुम्ही गयेला जाऊन त्यांच्या नावानं मासे खाणं सोडलंत. पण मासे सोडले म्हणून थोरल्या लेकाचं घरही सोडायचं? सिंगापूरला चारी बाजूंनी पाणी, तिथं जीभ आवरायची नाही, त्यापेक्षा धाकट्याचं अमेरिकेतलं वाळवंट बरं, असं तुम्ही रोहनला सांगितलंत. तो हसला. मला नाही हसू आलं. सारंगभावजी दिवसभर ऑफिसात आणि तुम्ही पडदे ओढून खोलीत. जेवणही निम्म्यावर आलंय म्हणे.

तर ऐका. आमच्याकडे आई गेल्यापासून मासे शिजलेले नाहीत. क्षिप्रा कुरकुरते, आणि इथल्या पोरांसारखं वाक्याच्या शेवटी ‘लाह’ लावून विचारते की शेजारच्या आंटीकडे जाऊन खाऊ का. मी खुशाल जा म्हणते. तेव्हा तुम्ही बिनघोर या. बाल्कनीकडची खोली तुमचीच आहे.

लोभ आहेच, तो आता प्रत्यक्ष येऊन करावा.
आपली,
विनीता

फिनिक्स
९ सप्टेंबर २००७

चि. सौ. विनीता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बरंय. (रुसलीस का? आता पुढे वाच.)

इथला उन्हाळा असा की नळाच्या गार पाण्यात चहा व्हावा. एक तारखेला होल्यांच्या शिकारीचा मोसम उघडला. शेजारचे एक म्हातारे, माझ्याच वयाचे, बंदूक नि कुत्रा घेऊन पहाटेच दारात हजर! मी त्यांना सांगितलं की मुठीएवढ्या पाखरावर बंदूक रोखणं माझ्याच्यानं होणार नाही, मी आपला कुत्र्याशी गप्पा मारत बसेन. दोन तास ते झुडपांत फिरले आणि रिकाम्या हातांनी परतले. कुत्राच जास्त खजील दिसत होता.

मग मला आवडेल म्हणून ते कालव्यावर घेऊन गेले. वाळवंटात कालवा, आणि कालव्यात मासे! शेवाळ खायला सरकारनं गवत्या मासे सोडलेत. गळाला लागला तर तसाच परत पाण्यात सोडायचा, असा कायदा. मी कणकेची गोळी लावली. अगं, क्षिप्राएवढं धूड लागलं! अलिबागच्या खाडीत जन्म घालवला, पण हातात आलेला मासा परत सोडला तो त्या दिवशीच. व्रतही मोडलं नाही आणि हौसही फिटली. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, सारंग बघतच राहिला. आता आम्ही दोघे म्हातारे रोज जातो. त्या माणसाचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

तुझ्या बोलावण्याचं म्हणशील तर, पोरी, नको. व्रत माझं, त्याचा जाच तुम्हाला कशाला? तुमच्या तोंडचा घास काढून मी तिथं राहणार नाही. तू आजच बाजारात जा आणि मासे आण.

लेकीसारखी आठवण काढतेस, तशीच काढत राहा.
तुझे,
बाबा

क्वीन्सटाउन
२ ऑक्टोबर २००७

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. त्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा. आमचे बाबा त्यांनी खोलीबाहेर काढले. आणि त्या कुत्र्यालाही एक पोळी घाला.

पण तुमचा गैरसमज दूर करायला हवा. मासे मी तुमच्यासाठी बंद केलेले नाहीत. तुमचं पत्र आल्यावर मी खरंच बाजारात गेले. इथं बातांग म्हणतात ती आपली सुरमईच, ती घेऊन आले. नारळ वाटला, कोकम भिजवलं. आमटीला उकळी आली, आईंच्या स्वयंपाकघरासारखा वास सुटला. गॅस बंद करून ओट्याशी रडत बसले. सगळं पातेलं शेजारी देऊन टाकलं. रोहनला सांगितलं की बिघडली.

तुमचं निदान व्रत आहे. माझं काय आहे, मलाच कळत नाही. हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हीही सांगू नका.

तब्येत सांभाळावी, आणि सुनेला हसू नये, एवढीच विनंती.
विनीता

फिनिक्स
२२ ऑक्टोबर २००७

चि. विनीता हिस,
उदंड आशीर्वाद.

काल दसरा झाला. तुझं पत्र चारदा वाचलं. मी किती आपमतलबी, गं! मला वाटत होतं, ती गेली ती फक्त माझीच गेली.

तू शाकाहारी घरातून आलीस. पहिलं पापलेट हातात घेताना तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. हिनं तुला जवळ घेऊन सगळं शिकवलं, आणि शेवटच्या आजारपणात तिच्या तोंडाला चव नव्हती तेव्हा तू केलेली आमटी तेवढी ती मागून घ्यायची. हे मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.

सारंगला तिकीट काढायला सांगितलंय. दिवाळीच्या आधी तुझ्या दारात असेन. शेजारी खट्टू झालेत, पण विमानतळावर तेच सोडणार आहेत.

आल्यावर पहिल्या दिवशी मासे मी आणीन, साफ मी करीन, नारळही मीच खवीन. आमटी तू कर. रडू आलं तर रड, मी ओट्याशी उभा आहे. मग मला वरणभात वाढ आणि तुझं पान माझ्यासमोर घे. तू पोटभर जेवलीस, की माझंही जेवण झालं.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद; तुला दोन जास्त.
तुझे,
बाबा