लक्ष्मीनारायणाचा जोडा

मनामा, शुक्रवार, फेब्रुवारी १९८२

अदलियाला पाटीलकाकूंकडे सत्यनारायणाला गेलो होतो. हे शिफ्ट संपवून थेट तिथेच आले. आम्ही दोघं पाया पडलो तेव्हा काकू म्हणाल्या, "अगदी लक्ष्मीनारायणाचा जोडा हो." मला एकदम भरून आलं. मीनलला मराठी शाळेत घालायचं म्हणून मी आणि ती जूनमध्ये कायमच्या चिपळूणला जाणार, हे इथेच राहणार. मग कसला जोडा?

टॅक्सीत मीनल खुदुखुदु हसायला लागली. "आई, जोडा मीन्स शूज ना? काकूंनी यू अँड बाबा शूज का म्हटलं?"

नवरा-बायकोलाही जोडा म्हणतात, असं तिला समजावलं. तरी तिचं हसू थांबेना. हे खिडकीबाहेर बघत होते. नईम भागातल्या वळणावर म्हणाले, "बरोबर म्हणाल्या काकू. जोड्यातला एक बाहरीनला आणि दुसरा चिपळूणला, तर घालणार कोण?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्ही कुठे जायचं नाही. मीनूला मराठी मी शिकवीन."

ह्यांना वेळ कधी मिळणार, देव जाणे. सासूबाईंनी तर तिकडे खोलीसुद्धा रंगवून घेतलीय. पण जोडा म्हणताना ह्यांचा आवाज जरासा कापला, तो अजून कानात आहे.

घरी आल्यावर मी विचारलं, "मग इतके महिने बोलला का नाहीत?"

बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले, "तूच जायला नको म्हणशील, म्हणून वाट बघत होतो."

आणि मी ह्यांची.