खटक्याला बांधलेली सुतळी

ता. ४ फेब्रुवारी

चि. पान्यास, अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा टिलर पोचला. सोबतच्या चिठ्ठीत ‘सांभाळून’ एवढा एकच शब्द! बहिणीची खुशाली विचारायला शाई संपली होती का रे?

हे मात्र खूश झाले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट. घरामागची माती त्या यंत्रानं मोकळी करायची आणि वांगी-टोमॅटो लावायचे. पण कसलं काय! दांडीवरचा खटका दाबून धरल्याशिवाय पाती फिरत नाहीत, आणि यांच्या उजव्या हाताला पकडच नाही. चार पावलं गेली की बोटं सुटतात, पाती थांबतात. काल सहा वेळा तसं झालं. मग पायरीवर बसले आणि म्हणाले, तीस वर्षं या हातानं कापड बेतलं, आता याला साधा खटका धरवत नाही. दुकानातली कात्री कुणाला तरी देऊन टाक म्हणाले. मी चालवते म्हटलं तर अंगावर आले.

पान्या, हा माणूस असाच बसून संपेल रे. मला फार भीती वाटते. काहीतरी सुचव.

माया आहेच, पण आधी उत्तर पाठव.

तुझी अक्का

ता. ८ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

भावोजींना म्हणावं, टिलर म्हणजे दुकानातला कारागीर नव्हे, डोळे वटारले म्हणून ऐकायला!

उपाय सोपा आहे. खटका दाबून सुतळीनं बांधून टाक. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या यंत्रांचे खटके असेच बांधलेले असतात. हात सुटला की पाती थांबावीत म्हणून तो असतो, हे खरं. म्हणून यंत्र सुरू तूच करून दे, बंद करायचं बटणही तूच दाब, आणि आधी जागेतले दगड वेचून घे. भावोजींना कळू देऊ नकोस, मानी माणूस आहे. वरून कापडाची पट्टी गुंडाळ आणि हाताला गादी केली म्हणून सांग.

रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.

तुझा पान्या

ता. १९ फेब्रुवारी

चि. पान्यास आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

तू सांगितलंस तसंच केलं. चार दिवस घरात नुसता आनंद होता रे. पट्टी बघून हे म्हणाले, शिंप्याची बायको असून टाके असे? ओळ संपली की मीच पुढे होऊन बटण दाबायची, यांना हात सोडायची वेळच येऊ द्यायची नाही. संध्याकाळी हात उघडमीट करून दाखवायचे, धरतोय गं आता, म्हणायचे. दोन वेळा मागून जेवले.

पाचव्या दिवशी भिंतीजवळ पातं मातीतल्या विटेवर आपटलं. यंत्र उसळून मागे आलं. मी दोन हातांच्या अंतरावर होते, पण मेलं बटणच सापडेना. डाव्या पायाची दोन बोटं गेली. पाऊल वाचेल असं डॉक्टर म्हणतात.

पण खरं दुखणं पुढेच आहे. यांनी डॉक्टरांना सांगितलं, मी हाताला सोड म्हणत होतो, यानं सोडलंच नाही. पान्या, त्यांनी हात केव्हाच सोडला होता, पाती फिरत राहिली ती सुतळीमुळे. मी डोळ्यांनी पाहिलंय. आता तो हात उशीखाली दाबून ठेवतात. व्यायाम करून घ्यायला बाई येते, तिला हात लावू देत नाहीत. म्हणतात, हा माझा राहिला नाही, एक दिवस तुझाही जीव घेईल. हलवला नाही तर आहे तेवढी ताकदही जाईल, असं ती बजावून गेली.

खरं सांगितलं तर ते चार दिवस खोटे ठरतात. न सांगावं तर हात जातो. आगीतून फुफाट्यात पडलेय मी. काय करू सांग.

अक्का

ता. २२ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून पाना हातात धरवत नाही. शहाणपणा मीच शिकवला. सांगून टाक, आजच्या आज. माझं नाव घे, हव्या तितक्या शिव्या घालू देत. पण हात जाऊ देऊ नकोस. शनिवारी मी येतोच आहे.

तोंड दाखवायची लाज वाटते, तरी दारात उभं करू नकोस.

तुझा पान्या

ता. २५ फेब्रुवारी

चि. पान्यास आशीर्वाद.

सांगितलं. तुझं नाव नाही घेतलं, सुतळी माझ्या हातानं बांधली होती. वाटलं ओरडतील, वाटी भिरकावतील. काहीच नाही. फक्त एवढंच विचारलं, चारही दिवस का? मी हो म्हटलं.

आज सकाळी त्यांनी उशीखालून हात काढला. बाईनं सांगितलेला व्यायाम केला, दहाच्या दहा वेळा. मला रडूच आलं. तू आलास की तुझं तूच सांग आणि पाय धर त्यांचे, बोलतील तुझ्याशी.

नंतर त्यांना पाणी हवं होतं. मी पेला पुढे ठेवला. उजवा हात पेल्यापर्यंत नेला आणि थांबले. आधी माझे दोन्ही हात कुठे आहेत ते पाहिलं. मी ते पाठीमागे घेतले, तेव्हा कुठे त्यांनी पेला उचलला.

लवकर ये.

तुझी अक्का